गाव ते यवतमाळ, रोज ६४ किमी: गाडी परवडते की एसटीचा पास?

पांदण_रस्ता यांचा प्रश्न

राम राम मंडळी. पुढच्या महिन्यापासून यवतमाळात खासगी नोकरीवर जायचं आहे. गाव नेर रोडच्या आतल्या अंगाला. गाव ते फाटा ४ किमी, फाटा ते यवतमाळ बसस्थानक २६, आणि तिथून कामाची जागा २. जाऊन-येऊन ६४ किमी, महिन्याला २४ दिवस, वेळ १० ते ६. घरी १२५ सीसीची मोटरसायकल आहे, चार वर्षांची.

५० चं अ‍ॅव्हरेज आणि १०५ रुपये लिटर धरलं तर महिन्याला ३,२२५ रुपयांचं पेट्रोल लागते. एसटीचं फाट्यावरून तिकीट ५१ रुपये, म्हणजे महिन्याचे २,४४८. फरक आठशेचाच. तेवढ्यासाठी फाट्यावर ताटकळत काहून बसायचं, असं घरचे म्हणतात. या हिशेबात काय सुटलं? बायकोलाही यवतमाळात त्याच भागात शिलाईचं काम मिळायची शक्यता आहे, तर दोघांचं मिळून काय पडेल तेही सांगा.

चेन_स्प्रॉकेट

भाऊ, पेट्रोल हा गाडीच्या खर्चाचा मोठा भाग आहे, पण सगळा खर्च नाही. ६४ गुणिले २४ म्हणजे महिन्याला १,५३६ किमी, वर्षाला साडेअठरा हजारांच्या जवळ. एवढ्या रनिंगला सुटे भाग ठरलेल्या अंतराने बदलावेच लागतात. १२५ सीसीचा किलोमीटरमागचा हिशेब असा धरा:

पेट्रोल २.१० रुपये. दर ३,००० किमीला ऑइल, मजुरी, धुलाई मिळून ९०० रुपये, म्हणजे ०.३०. मागचा टायर २०-२२ हजार किमी चालतो आणि पुढचा ३५ हजारांपर्यंत, दोन्ही मिळून ०.१३. चेन-स्प्रॉकेट सेट २० हजारांना, ०.०८. ब्रेक शू, केबल, प्लग, एअर फिल्टर, बॅटरी यांचे ०.१५. क्लच प्लेट, फोर्कचे ऑइल सील आणि हँडलचा कोन सेट यांना ०.१०, कारण आपल्याकडचा काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात खचतो आणि त्याचा मार आधी फोर्क आणि कोन सेटलाच बसतो.

पेट्रोल सोडून हे ०.७६ झाले. एकूण २.८६ रुपये किमी, म्हणजे महिन्याला ४,३९३. गाडीची किंमत उतरते त्याचे निदान ०.५० धरले तर ५,१६०. विमा मात्र यात धरू नका. गाडी घरी आहेच, तो एरवीही भरावाच लागतो. विम्यावरून आठवलं, रोज हायवेवर जाणार असाल तर पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे का ते आधी पाहा. नुसत्या थर्ड पार्टीमध्ये पुष्कळांकडे ते नसते.

५० चं अ‍ॅव्हरेजही एकदा मोजून घ्या. पंपाच्या नोझलने स्वतः कट मारेपर्यंत टाकी भरा, मीटर लिहून ठेवा, ३०० किमी चालवा, मग त्याच पंपावर तसंच भरा. ५०-५५ च्या स्पीडने ५० मिळत असेल तर ७५ ने पळवल्यावर ४२-४३ वर येते. कापूस-तुरीच्या हंगामात मातीच्या रस्त्यावरून गाडी जात असेल तर फिल्टर १२ हजार किमीची वाट पाहत नाही, ४-५ हजारांतच चोंदतो. फिल्टर चोंदला की इंजिनला हवा कमी पडते आणि अ‍ॅव्हरेज पडते. दर महिन्याला झटका, बदली १० हजारांच्या आतच करा.

टप्पा_वाहतूक

एसटीचा हिशेबही दुरुस्त करावा लागेल, आणि तो तुमच्या फायद्याचा आहे.

एसटीचं भाडं ६ किमीच्या टप्प्यावर चालते. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसला टप्प्यामागे १० रुपयांच्या आसपास पडतात. २६ किमी म्हणजे चार टप्पे आणि वर दोन, म्हणून पाच टप्प्यांचं तिकीट लागते. तुमचे ५१ तिथूनच आले. फाट्याआधीचा किंवा नंतरचा थांबा टप्प्याच्या अलीकडे पडत असेल तर दहा रुपये कमी लागतात, कंडक्टरला विचारून घ्या.

पण रोजचं तिकीट काढायचंच कशाला? मासिक पासला २० दिवसांचं भाडं भरायचं आणि ३० दिवस फिरायचं. त्रैमासिकला ५० दिवसांचं भरून ९० दिवस. तुमचं रोजचं भाडं १०२, म्हणजे मासिक पास २,०४०, त्रैमासिक ५,१००. तीन महिन्यांत ७२ दिवस जाणार असाल तर सुटं तिकीट ७,३४४ चं होते. त्रैमासिकने महिना १,७०० वर येतो.

वहिनींसाठी पास काढू नका. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. २४ दिवसांचं अर्धं भाडं म्हणजे १२ दिवसांचं पूर्ण भाडं. वीस दिवसांच्या भाड्याचा पास त्यापुढे महागच. त्यांचं महिन्याला १,२५० च्या आसपास होईल.

पास घेताना तारीख पाहा. ३० किंवा ९० दिवस सलग मोजले जातात, सुट्ट्या वगळून नाही. महिन्यात २० पेक्षा कमी दिवस जाणं होणार असेल, दिवाळी किंवा लग्नसराई मध्ये येत असेल, तर तेवढा महिना सुट्या तिकिटावर काढा. आणि यवतमाळ-अमरावतीच्या सगळ्या गाड्या फाट्यावर थांबत नाहीत. जलद गाडी पुढे निघून जाते. तुम्हाला साध्या गाडीचंच वेळापत्रक धरून चालावं लागेल.

पांदण_रस्ता

दोघांचेही आभार. पण फाट्यापर्यंतचे ४ किमी आणि यवतमाळातले २ किमी यांचं काय? आणि बॅटरीची स्कूटर घेतली तर?

चेन_स्प्रॉकेट

खरी मेख तिथेच आहे. फाट्यापर्यंत गाडी नेली तर रोजचे ८ किमी, महिन्याला १९२, तीन रुपयांनी ५७६. एकट्याचं पासासकट २,२७६ झालं. गाडीचे ४,३९३, म्हणजे अर्ध्याच्या जवळ. बसस्थानकावरून ऑटोने गेलात आणि माणशी २० रुपये एका वेळचे धरले तर महिन्याला ९६० आणखी. तरी ३,२३६.

दोघांचं मात्र बारकाईने पाहा. १,७०० अधिक १,२५० अधिक फाट्याचे ५७६, झाले ३,५२६. डबल सीटने अ‍ॅव्हरेज ४६ वर येईल, म्हणजे गाडीचा महिना ४,६७० च्या घरात. एसटी अजूनही हजाराने स्वस्त. पण यवतमाळात दोघंही रोज ऑटोत बसले तर १,९२० वाढतात, एकूण ५,४४६ होते आणि गाडी स्वस्त पडते. २ किमी पायी पंचवीस मिनिटं लागतात. पायी जमत नसेल तर एक जुनी सायकल बसस्थानकाच्या स्टँडवर ठेवा, स्टँडचं भाडं ऑटोच्या पासंगालाही पुरत नाही.

फाट्यावर गाडी उघड्यावर सोडू नका. ओळखीच्या दुकानामागे सावलीत, हँडल लॉक आणि वेगळी साखळी लावून ठेवा. दिवसभर उन्हात टाकी तापली की पेट्रोल उडते आणि सीटचं रेक्झिन तडकते.

चार्जिंग_पॉइंट

बॅटरीच्या गाडीबद्दल. ६४ किमीला साधारण २.२ युनिट बॅटरीतून जातात, चार्जरमधली गळती धरून मीटरवर २.६. महिन्याला ६२ युनिट. हे तुमच्या घरच्या वापरावर चढतात, म्हणून सरासरी दर न धरता वरच्या स्लॅबचा दर धरा. सगळे आकार मिळून १२ रुपये युनिट धरलं तर साडेसातशे. चालवायला यापेक्षा स्वस्त काही नाही.

अडचण वेगळी आहे. कंपनीने सांगितलेली रेंज डबल सीटला आणि ५५ च्या स्पीडला मिळत नाही, म्हणून ३ युनिटच्या खालची बॅटरी या अंतराला घेऊच नका. वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर दोन्हींत असते. तुमचं रनिंग पाहता किलोमीटर आधी संपतील, कागदावर तोच आकडा पाहा. घरी १५ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग लागते. पुष्कळ गावघरांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो, उन्हाळ्यात त्यात पाणी-मीठ घालावं लागते. मे महिन्यात घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, बॅटरी तासभर थंड होऊ द्या. टिनाच्या छपराखाली तर दुपारी मुळीच नाही.

फक्त रोजच्या ये-जा साठी लाखभराची नवी गाडी घ्यायची असेल तर पेट्रोलच्या गाडीपुढे ती परवडते. पासापेक्षा चार्जिंगला महिन्याला हजारभर रुपये कमी लागतात, पण गाडीची किंमत भरून निघायला आठ वर्षं जातील, तोवर बॅटरी उतरलेली असेल.

धामणगाव_लाइन

रुळालगतच्या लोकांनी यात रेल्वेचं मासिक सीझन तिकीट आधी पाहावं, पुलगाव, धामणगाव, मूर्तिजापूरवाल्यांनी खास. १५० किमीपर्यंत मिळते, एसटीच्या पासापेक्षा कितीतरी स्वस्त असते आणि त्रैमासिकला मासिकच्या २.७ पटच पैसे लागतात. आरक्षित डब्यात ते चालत नाही. सुपरफास्टला वेगळा अधिभार असतो. नेर रोडच्या माणसाला याचा उपयोग नाही, पण धागा वाचणाऱ्यांत बाकीचेही असतील.

टप्पा_वाहतूक

पांदण_रस्ता, पास काढण्याआधी एक आठवडा सुट्या तिकिटावर जा आणि येतानाची गाडी तपासा. सकाळची चुकली तर मागून काळीपिवळी मिळते. संध्याकाळी साडेसहानंतर साध्या फेऱ्या विरळ होतात, तेव्हा फाट्यावर थांबणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशी खिडकीवर विचारून ठेवा. गावात येणारी फेरी असेल तर ती शाळेसाठी आहे का तेही विचारा. शाळेच्या फेऱ्या उन्हाळ्यात आणि दिवाळीत बंद होतात. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात आणि निवडणुकीला मतदान केंद्रांसाठी गाड्या जातात, तेव्हा खेड्यांच्या फेऱ्या आधी रद्द होतात. महिन्यातले असे दोन-तीन दिवस गाडीने जायचं धरूनच हिशेब करा. तीन दिवसांचं पेट्रोल ४०० रुपये होते, त्याने पास महाग पडत नाही.

त्या दिवशी परत येताना अंधार पडला तर ५० च्या वर जाऊ नका. थंडीत शेतातून रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रस्त्यावर येतात. एक रोही ओलांडून गेला की लगेच रेस देऊ नका, मागून कळपातला दुसरा येतो.

पांदण_रस्ता

ठीक. संध्याकाळी ७ वाजताची साधी गाडी फाट्यावर थांबते का ते उद्या बसस्थानकावर विचारतो. बायकोच्या अर्ध्या तिकिटाचा हिशेब घरी दाखवला, ते सर्वांना पटलं.

टप्पा_वाहतूक

विचाराल तेव्हा येताना कोणत्या डेपोची गाडी आहे तेही लिहून घ्या. नेर डेपोची मुक्कामी गाडी सहसा रद्द होत नाही, कारण तीच सकाळची पहिली फेरी करते.