नागपुरात घरावर सोलर : तीन किलोवॅट की पाच, आणि गच्चीचे काय?

मनीषनगरचा रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. मनीषनगरात आमचे दोन मजल्यांचे स्वतंत्र घर आहे. घरात आई, आम्ही दोघे आणि दोन मुले राहतो. महावितरणची सिंगल फेज जोडणी आहे. गेल्या वर्षीची बिले काढून बसलो, तेव्हा असे दिसले की नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्याला साधारण १७० युनिट लागतात आणि मार्चमध्ये २६०. एप्रिलला दोन कूलर आणि एक एसी सुरू झाले की आकडा ४८० वर जातो. मेमध्ये ५६० आणि जूनमध्ये ४५० युनिट झाले. त्यानंतर जुलै ३००, ऑगस्ट २८०, सप्टेंबर २९० आणि ऑक्टोबर २६०.

दोन वेंडर घर पाहून गेले. पहिल्याने तीन किलोवॅटचे १,९५,००० रुपये सांगितले. दुसऱ्याचे म्हणणे असे की, 'मे महिन्याचे बिल शून्य करायचे असेल तर पाच किलोवॅटशिवाय गत्यंतर नाही', आणि त्याने ३,१०,००० रुपयांचे दरपत्रक हातात ठेवले. अनुदान दोघांनीही ७८,००० रुपयेच सांगितले, हे मला जरा चमत्कारिक वाटले.

माझ्या शंका अशा आहेत. क्षमता किती घ्यावी? आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात पॅनल अधिक वीज देतात की उलट खराब होतात? स्लॅब अठरा वर्षांचा आहे, त्याला भोके पाडू द्यावीत का? आणि आईचा प्रश्न सर्वांत अवघड आहे : पॅनल लागल्यावर कुरड्या आणि सरगुंडे वाळवायचे कुठे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त अभियंता, त्रिमूर्तीनगर

आपण बाराही महिन्यांचे आकडे दिलेत, हे फार बरे केले. बहुतेक लोक फक्त मे महिन्याचे बिल दाखवतात आणि वेंडरही तेवढेच पाहतो.

अनुदानाचे आधी सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. त्यापुढे कितीही क्षमता लावली तरी आकडा ७८,००० वरच थांबतो. म्हणून दोन्ही वेंडरांचा आकडा सारखा आला. त्यात लबाडी नाही. पाच किलोवॅट घेतल्यास शेवटचे दोन किलोवॅट पूर्णपणे आपल्या खिशातून जातील, एवढाच त्याचा अर्थ.

आता क्षमतेकडे वळू. नागपुरात एक किलोवॅट संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देतो. सरासरी मात्र फसवी असते. तीन किलोवॅटचा संच एप्रिल-मेमध्ये महिन्याला ४२० युनिटांच्या आसपास देईल, जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत २४० पर्यंत उतरेल आणि हिवाळ्यात ३५० च्या मागेपुढे राहील. हे आकडे आपल्या वापराशेजारी मांडून पाहा. एप्रिलमध्ये ६०, मेमध्ये १४०, जूनमध्ये १२०, जुलैमध्ये ६० आणि ऑगस्टमध्ये ४० युनिट कमी पडतील. सप्टेंबरपासून मात्र शिल्लक वाढत जाईल आणि मार्चअखेर ती हजार युनिटांच्या घरात पोहोचेल.

हजार युनिट शिल्लक आणि तूट फक्त ४२० युनिटांची, तेव्हा उन्हाळा फुकटात निघेल असे कोणालाही वाटेल. नेमके तेच होत नाही. नेट मीटरच्या (आपण दिलेली आणि घेतलेली वीज यांची वजाबाकी मांडणाऱ्या मीटरच्या) नियमांप्रमाणे शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात, पण केवळ आर्थिक वर्षापुरते. ३१ मार्चला खाते शून्यावर येते आणि उरलेल्या युनिटांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात. तो दर आपण विजेला मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणजे थंडीत साठवलेली पुंजी कूलर लावायच्या ऐन तोंडावर हातची जाते. हे वर्ष मार्चऐवजी सप्टेंबरला संपत असते, तर नागपूरकरांचे भले झाले असते.

मग उन्हाळ्यातील तूट भरून काढायला पाच किलोवॅट घ्यावेत का? माझ्या मते घेऊ नयेत. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो : १०० युनिटांपर्यंत सर्वांत स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यावर सर्वांत महाग. सोलरची वीज आपल्या बिलातील वरचे, महागडे युनिट आधी खाते. तीन किलोवॅट लावल्यावर जे ६०, १२० किंवा १४० युनिट उरतात ते जवळजवळ सगळे पहिल्या, स्वस्त टप्प्यातले असतात. वर्षातून चारशे स्वस्त युनिट वाचवण्यासाठी एक लाख पंधरा हजार रुपये अधिक घालणे हा व्यवहार मला पटत नाही. दोन-तीन वर्षांत विजेवर चालणारी गाडी घ्यायचा किंवा दुसरा एसी लावायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. मग चार किलोवॅटचे गणित मांडून पाहावे. आणि 'बिल शून्य' हा शब्द विसरून जा, कारण स्थिर आकार कोणत्याही संचाने जात नाही.

थंडीतली शिल्लक वाया घालवायची नसेल, तर डिसेंबर ते मार्च गीझर विजेवर चालवा आणि स्वयंपाकाचा काही भाग इंडक्शनवर करा. आमच्याकडे त्यामुळे सिलिंडर जास्त दिवस पुरतो.

जाता जाता एक गोष्ट. आपले दरपत्रक जुने असेल तर पुन्हा मागवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि तो फरक दरपत्रकात दिसला पाहिजे.

काटोल रोडच्या गृहिणी

आमच्या घरावर तीन किलोवॅटचा संच दोन उन्हाळे पाहून झाला आहे. गणित वरच्या काकांनी सांगितलेच आहे, त्यामुळे मी गच्चीविषयी लिहिते, कारण आम्ही तिथेच चुकलो.

आमच्या वेंडरने सांगाड्याचे पाय थेट स्लॅबमध्ये ड्रिल करून बोल्टने आवळले. मी विचारले तेव्हा 'काही होत नाही, ताई' असे उत्तर मिळाले. जुलैच्या पहिल्या झडीत झोपण्याच्या खोलीच्या छताला ओल आली आणि भिंतीचा रंग फुगला. नंतर सगळे बोल्ट काढून भोके रसायनाने भरावी लागली, त्यावर काँक्रीटचे ठोकळे बांधून पाय त्यांत रोवावे लागले आणि वरून पुन्हा वॉटरप्रूफिंग करावे लागले. तो खर्च कोणत्याही दरपत्रकात नव्हता. तुमचा स्लॅब अठरा वर्षांचा आहे. आधी वॉटरप्रूफिंगची स्थिती पाहून घ्या, काही करायचे असेल ते सांगाडा उभा राहण्यापूर्वी करा, आणि ठोकळ्यांची पद्धत करारात लिहून घ्या.

त्याचबरोबर हेही सांगते की वाऱ्याला हलके समजू नका. मे-जूनच्या वादळात पॅनल म्हणजे पतंगच. भारतीय मानकांत इमारतींच्या रचनेसाठी नागपूरचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. सांगाड्याचा हिशेब याच वेगाने केला आहे का, असे विचारले की वेंडर किती पाण्यात आहे ते लगेच कळते. लोखंड तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले हवे. नुसता चंदेरी रंग मारलेले दुसऱ्या पावसाळ्यातच गंजू लागते.

तुमच्या आईंचा प्रश्न आमच्याकडे सासूबाईंनी विचारला होता. आम्ही सांगाडा आठ फूट उंच घेतला. खर्च वाढला आणि वारा अधिक धरतो म्हणून पायही जाड घ्यावे लागले, पण खालची जागा मोकळी राहिली आणि स्लॅबवर थेट ऊन पडत नसल्याने वरची खोली उन्हाळ्यात पूर्वीइतकी तापत नाही. वाळवणाला मात्र सावली चालत नाही, ऊनच लागते. म्हणून पॅनल गच्चीच्या दक्षिण अंगाला घेतले आणि पूर्वेची पट्टी कुरड्यांसाठी राखली. तीन किलोवॅटला सावलीविरहित अशी साधारण ३०० चौरस फूट जागा लागते. तुमच्या गच्चीवर तेवढी सोडून काय उरते ते मोजून पाहा.

आमच्या भागात सेमिनरी हिल्सच्या बाजूने वानरे येतात. ती पॅनलवर बसतात, घसरगुंडी करतात. काच अजून फुटलेली नाही, पण एकदा वायर ओढून काढली होती. तेव्हापासून सगळ्या वायरी पाइपमध्ये घातल्या आहेत. मनीषनगरला हा त्रास कदाचित नसेल. गारपीट मात्र सगळ्यांनाच आहे. प्रमाणित पॅनलची काच २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्या सेकंदाला २३ मीटर वेगाने मारून तपासलेली असते, त्यामुळे बोराएवढ्या गारांची चिंता नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात कधी कधी त्याहून मोठ्या पडतात, म्हणून घराच्या विम्यात पॅनल समाविष्ट करून घेतलेले बरे.

धुण्याविषयी : पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी, सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचे पाणी वापरू नका, क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि ते सहज निघत नाहीत. गच्चीवर डक्ट कूलर असेल तर त्याचे तुषारही पॅनलवर येणार नाहीत असे पाहा. डाग त्यांचेही तसेच पडतात.

मनीषनगरचा रहिवासी

आपणा दोघांचेही मनापासून आभार. पाच किलोवॅटचा विचार सोडला आहे. आणखी तीन गोष्टी विचारतो. वादळात आमची वीज दोन-दोन तास जाते. तेव्हा सोलर चालेल ना? दुसरे, बिल अजून वडिलांच्या नावावर आहे आणि ते चार वर्षांपूर्वी वारले. तिसरे, उष्णतेविषयीचा माझा प्रश्न मागे राहिला.

वीजकामे करणारा, दिघोरी

मागे राहिलेल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याची क्षमता सेलचे, म्हणजे पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचे, तापमान २५ अंश धरून मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.३५ टक्के उत्पादन घटते. मे महिन्यात दुपारी सेलचे तापमान ६५ अंशांपर्यंत सहज जाते, म्हणजे १२ ते १४ टक्के घट धरा. पॅनल त्याने खराब होत नाही, आणि दिवस मोठा असल्याने महिन्याचे एकूण उत्पादन चांगलेच राहते. खालून हवा खेळती हवी. पत्र्याला चिकटवून बसवलेले पॅनल अधिक तापतात.

वीज गेली की साधा ऑन-ग्रिड संच, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या तारांना जोडलेला, भर उन्हातही बंद पडतो. तो बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) स्वतःला तारांपासून तोडून घेतो. त्या वेळी वीज हवी असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल आणि खर्च बराच वाढेल. दोन तासांसाठी घरातला जुना बॅटरी-इन्व्हर्टर आहे तसाच ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

नावाचे काम सर्वांत आधी करा. अर्ज, वीजबिल आणि बँक खाते यांवरची नावे जुळली नाहीत तर अनुदान अडकते, कारण संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर ते थेट ग्राहकाच्या खात्यात येते. महावितरणकडे नावात बदल करून घ्या, तो बिलावर दिसू द्या आणि मगच पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज भरा. मंजूर भार (महावितरणने घराला मंजूर केलेली वीजक्षमता) तीन किलोवॅटपेक्षा कमी असेल तर तोही वाढवावा लागेल; बिलावर आकडा छापलेला असतो. वेंडर योजनेत नोंदणीकृत हवा, पॅनलमधले सेलही भारतात बनलेले हवेत, नाहीतर अनुदान नाही. आणि 'अनुदान वजा करूनच पैसे द्या' असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. सगळी रक्कम एकदम नको असेल तर बँका या योजनेत रेपो दराशी जोडलेल्या व्याजाचे विनातारण कर्ज देतात.

अर्थिंग तीन वेगवेगळे घ्या : पॅनल ते इन्व्हर्टर या डीसी बाजूचे, इन्व्हर्टर ते घर या एसी बाजूचे (इथे एसी म्हणजे विजेचा प्रकार) आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचे. पैसे वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात सोडलेली मी पाहिली आहेत. मग जवळ वीज पडली की इन्व्हर्टर जातो आणि वॉरंटीवाले हात वर करतात.

शेवटी सावली. २२ डिसेंबरच्या सुमारास नागपुरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे दहा फुटी टाकीची सावली उत्तरेकडे जवळपास दहा फूट पडते, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात; एकावर सावली आली की फटका सगळ्या माळेला बसू शकतो. म्हणून टाकी पॅनलच्या उत्तरेला ठेवा. उन्हाळ्यात उलट असते : मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, पण तेव्हा तो जवळपास डोक्यावर असल्याने सावली आखूड पडते. कोन १५ अंशांच्या आसपास ठेवला तरी वर्षाच्या उत्पादनात नगण्य फरक पडतो आणि वारा कमी धरला जातो.

मनीषनगरचा रहिवासी

काल गच्चीवर खडूने सावल्या आखल्या. टाकीची अडचण नाही, पण शेजारच्या कडुनिंबाची सावली साडेतीननंतर पश्चिमेच्या कोपऱ्यात येते. तो कोपरा सोडून ३२० चौरस फूट जागा मिळते. नावात बदलाचा अर्ज भरला आहे. तो मंजूर झाला की तीन किलोवॅटचे नवे दरपत्रक मागवतो, ठोकळे आणि तीन अर्थिंग लेखी घेऊन. फेब्रुवारीपर्यंत संच सुरू व्हावा असा प्रयत्न आहे, म्हणजे पुढचा एप्रिल हाती लागेल. कडुनिंबाच्या फांद्यांबद्दल मात्र शेजाऱ्यांशी बोलायला आईनेच नकार दिला. त्या सावलीत तिची दुपारची खुर्ची असते.