कोडं सुटलं की आपलं काम संपलं, मग सॉफ्टवेअरचे पैसे कशाचे मागायचे?

कोडेखोर (लातूर)

लई दिवसांपासून डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. आमच्या काकांचं मार्केट यार्डात आडतीचं दुकान आहे, सोयाबीन, तूर, हरभरा असा माल. सीझनला मुनीमजी रात्री अकरापर्यंत पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, लिहीत बसायचे आणि शेतकरी बिचारे बाहेर टेम्पोपाशी ताटकळत. मागच्या दिवाळीत सुट्टीला आलो तेव्हा चार संध्याकाळी बसून एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. वजन टाका, भाव टाका, हमाली तोलाई वजा होते, पट्टी छापून येते. बास. जुन्या लॅपटॉपवर चालतं, नेट लागत नाही, सगळा डेटा एसक्यूलाइट नावाच्या डेटा साठवायच्या सॉफ्टवेअरच्या एका फाइलीत.

आता खरं सांगतो, मी हे काकांवर उपकार म्हणून केलं नाही. मला रोज झोपायच्या आधी एखादं कोडं लागतं, सुडोकू म्हणा, बुद्धिबळातली दोन चालींत मात म्हणा, तसंच हे. उदाहरणार्थ कॉम्प्युटरला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारली तर बरोबर ०.३ येत नाही, शेपटाला चिमूटभर जास्त येतं, कारण तो दोनाच्या हिशोबात मोजतो आणि त्यात ०.१ पूर्ण बसतच नाही. म्हणून मी रुपये ठेवलेच नाहीत, सगळं पैशांत, पूर्णांकात. हे सुचलं तेव्हा जो आनंद झाला तीच माझी मजुरी, ती मला मिळाली.

आता आजूबाजूचे चार-पाच आडते मागूलालेत. मित्र म्हणतो वर्षाला पाच हजार लाव दुकानामागं, चाळीस दुकानं झाली की दोन लाख, बसल्या जागी. माझ्या मते हे बरोबर नाही. कॉपी करायला मला काय खर्च आला? पेनड्राइव्ह पण त्यांचाच. विहिरीचं पाणी शेजाऱ्याला देताना कुणी मीटर लावतं का? आणि ज्या एसक्यूलाइटवर हे उभं आहे ते मला फुकटच मिळालं, २००० सालापासून अख्ख्या जगाला फुकट आहे, तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. फुकट घेऊन विकत द्यायचं?

बोला.

हिशोबी (जालना)

लातूरचा माणूस म्हणतोय पाणी फुकट असतं. वाचून डोळे पाणावले. भाऊ, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तुमच्या गावाला, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी कृष्णेचंच होतं, नदीनं बिल पाठवलं नाही, पण वाघिणी धुणारा, पाइप जोडणारा, इंजिन चालवणारा फुकट आला होता का? पाणी फुकटच असतं, ते आणणं फुकट नसतं. हीच गोष्ट सॉफ्टवेअरची.

मी बारा वर्षं दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देतो, स्टीलवाले, बियाणंवाले, किराणा, सगळे. फुकट दिलेल्या गिऱ्हाइकाचाच फोन रविवारी दुपारी येतो, आणि वर बोलतो पण तोच. पैसे दिलेला माणूस निदान "सर, जेवण झालं का" एवढं तरी विचारतो.

गोदाकाठची (नांदेड)

मी कोडेखोर यांच्या बाजूनं. शाळेत गणित शिकवते म्हणून असेल कदाचित. आपल्याकडं कापरेकर गुरुजी होऊन गेले, देवळालीच्या शाळेत मास्तर, आयुष्यभर आकड्यांशी खेळले. ६१७४ त्यांचाच. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे एकसारखे नकोत, मोठ्यापासून लहान आणि लहानापासून मोठा असे लावून वजाबाकी करा, परत तेच करा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतोच आणि मग तिथून हलत नाही. हे त्यांनी १९४९ साली मांडलं. त्यावर त्यांनी काय कमावलं? पगार आणि नंतर पेन्शन. १९७५ साली गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं तेव्हा कुठं जगाला नाव कळलं. तरी माणूस आनंदात होता. सगळ्याच गोष्टीला रेटकार्ड लावायचं का आता? मुलं पण विचारतात, मॅडम हे परीक्षेला येणार का, नाही म्हणलं की वही बंद.

वावरवाला (परभणी)

ताई, मी लगेच करून बघितलं. परवा आमच्या सोयाबीनला ४,४१५ भाव लागला, तोच घेतला.
५४४१ − १४४५ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४
कापरेकर गुरुजी चार वजाबाक्यांत ६,१७४ भाव देऊ राहिले आणि इथं २०२४ ला हमीभाव ४,८९२ असून तेवढा पण हातात पडला नाही. त्यांनाच पणनमंत्री करायला पाहिजे होतं.

बाकी तुमचं चालू द्या, मी वाचायलो.

आळशी पायथन (संभाजीनगर, सध्या पुणे)

दोघांचंही अर्धं बरोबर वाटतंय पण कोडेखोर, तुझं एसक्यूलाइटचं उदाहरण तुझ्यावरच उलटतंय. कोड फुकट आहे, अगदी कॉपीराइटसुद्धा सोडून दिलाय, पण ते बनवणारे रिचर्ड हिप आणि त्यांची टीम त्याच्यावरच पोट भरते. कशी? मोठ्या कंपन्या सपोर्टचे पैसे भरतात. म्हणजे वस्तू फुकट आणि माणूस पगारी.

आणि जिथं माणूस पण फुकट ठेवला तिथं काय झालं ते २०२४ च्या मार्चमध्ये बघितलं सगळ्यांनी. एक्सझेड नावाचं फाइल आवळायचं टूल, लिनक्सच्या असंख्य सर्व्हरवर असतं, सांभाळणारा एक थकलेला माणूस, बिनपगारी. दोन-अडीच वर्षं एक जण "मदत करतो" म्हणत गोड बोलून आत आला आणि चोरदरवाजा ठेवून दिला. सापडला कसा तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, म्हणून तो खणत बसला. अर्धा सेकंद! मी तर फॅन जोरात वाजायला लागला तरी ब्राउझर बंद करून चहाला जातो.

कोड्याच्या बाबतीत पण तेच. सुडोकू आजच्या रूपात हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन आर्किटेक्टनं केलं, १९७९ ला एका कोड्यांच्या मासिकात आलं, नाव पण छापलं नाही, त्याची हवा जगभर व्हायच्या आधी तो वारला. नंतर वेन गूल्ड नावाचे हाँगकाँगचे रिटायर जज, त्यांनी सहा वर्षं खपून सुडोकू तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि २००४ ला लंडनच्या टाइम्सला कोडी चक्क फुकट दिली. अट एकच, खाली माझ्या प्रोग्रॅमचा पत्ता छापा. लोकांनी मग तो प्रोग्रॅम विकत घेतला. काय फुकट द्यायचं आणि काय नाही एवढंच त्या जजसाहेबांना कळलं होतं.

कोडेखोर (लातूर)

गूल्डचं माहीत नव्हतं, भारी आहे. पण जगभरच्या सर्व्हरची आणि माझ्या पट्टीची तुलना नको. माझ्या सॉफ्टवेअरला सांभाळायचंय काय? गुणाकार, वजाबाकी, प्रिंट. एकदा झालं की झालं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ दरवर्षी बदलतं का?

हिशोबी (जालना)

बरं मग एक सांग, वर्षभरात एकदा पण चुकलं नाही? खरं सांग, काकाची शपथ.

कोडेखोर (लातूर)

शपथ घातली म्हणून सांगतो. एकदा झालं होतं पण ती चूक नव्हती, म्हणजे माझी नव्हती. ऐका.

एका शेतकऱ्याचे तीन वक्कल, म्हणजे मालाचे तीन ढीग, लागले, मालात फरक होता म्हणून भाव वेगवेगळे. ४ क्विंटल ३७ किलो ४,४१५ नं, २ क्विंटल ८९ किलो ४,३९० नं आणि ६ क्विंटल १३ किलो ४,४०५ नं. सॉफ्टवेअरनं हमाली धरायच्या आधीची बेरीज काढली ५८,९८३. मुनीमजी चष्मा कपाळावर सारून म्हणले, ५८,९८४ पाहिजे. मी म्हणलं कॉम्प्युटर चुकत नसतो. त्यांनी मागच्या कोऱ्या कागदावर मांडलं, १९,२९४, १२,६८७, २७,००३, बेरीज ५८,९८४. मी मोबाइलवर केलं, १९,२९३.५५ अधिक १२,६८७.१० अधिक २७,००२.६५, झाले ५८,९८३.३०, म्हणजे ५८,९८३. दोघंही बरोबर! ते प्रत्येक ओळीला पूर्ण रुपया करून मग बेरीज करतात, मी बेरीज करून शेवटी एकदाच. शेतकरी दोघांकडं आलटून पालटून बघूलालता, शेवटी म्हणला, "मालक, तुमचं होऊ द्या निवांत, पण त्यो एक रुपाया कुठं गेला तेवढं सांगा."

गणितानं माझीच पद्धत जास्त अचूक आहे. पण यार्डात पिढ्यानपिढ्या ओळीओळीला रुपया करतात, खरेदीदाराच्या वहीत पण तसंच असतं, म्हणून बदललं. एक ओळ इकडची तिकडं केली, दोन मिनिटांचं काम. त्याचे पाच हजार?

वावरवाला (परभणी)

आता मी बोलतो. त्या एका रुपयावर हसायलेत सगळे पण आमच्यासाठी तीच गोष्ट मोठी हाय. रुपया गेल्याचं काही नाही, रुपया का गेला हे कुणी सांगायला तयार नसतं त्याचं वाईट वाटतं. वहीत मुनीमाचं अक्षर असतंय, भांडता येतं. छापील पट्टी आली की माणूस म्हणतो "कॉम्प्युटरनं काढलंय" आणि विषय संपला. म्हणून माझं म्हणणं हिशोबी भाऊंच्या बाजूचं, पण कारण वेगळं. पैसे घे आणि जबाबदार रहा. फुकट दिलं की उद्या तू म्हणशील, मी कुठं पैसे घेतलेत, तुमचं तुम्ही बघा. मग आम्ही कुणाच्या नावानं ओरडायचं?

गोदाकाठची (नांदेड)

पण पैसे आडते देणार ना, मग सॉफ्टवेअरवाला जबाबदार कुणाला राहणार, आडत्याला का तुम्हाला? ज्याची पाच हजारांची पावती, त्याचं ऐकणं आलंच. उद्या एखादा म्हणला शेवटी सगळं खालच्या रुपयाला कर, दोन मिनिटांचंच काम आहे, तर? फुकट देणारा माणूस निदान "जमणार नाही" म्हणून उठू शकतो. हे कुणी बोलतच नाही.

वावरवाला (परभणी)

ह्याला उत्तर नाही माझ्याकडं.

हिशोबी (जालना)

माझ्याकडं आहे. मला दोनदा तसं विचारलं गेलंय, नावं घेत नाही, दोन्ही वेळा नाही म्हणलो आणि एक गिऱ्हाईक गेलं. बाकीची होती म्हणून नाही म्हणता आलं, ताई. ज्याच्याकडं एकच गिऱ्हाईक आणि तो पण काका, त्यानं नाही म्हणून दाखवावं.

आणि श्रीमंतीचं म्हणशील तर चाळीस दुकानांचे दोन लाख म्हणजे श्रीमंती नाही रे बाबा. माझा भाचा हुशार, तुझ्यासारखाच कोड्यांचा नाद, त्याला वाटलं शेअर बाजारातले ऑप्शन्स म्हणजे पण कोडंच. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ ला आकडे दिले, फ्युचर्स-ऑप्शन्समधले शंभरातले त्र्याण्णव वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात, सरासरी तोटा दोन लाखांच्या आसपास. भाचा त्या त्र्याण्णवात. त्या मानानं वर्षाला पाच हजार देणारा आडत्या म्हणजे सोनं आहे, फक्त त्याचा फोन उचलावा लागतो.

आळशी पायथन (संभाजीनगर, सध्या पुणे)

मधला रस्ता सांगू का? डोनाल्ड क्नूथ माहितीय ना, टेक्स बनवणारे, गणिताची पुस्तकं छापायचं सॉफ्टवेअर. ते फुकट दिलं, वर पुस्तकात चूक सापडली तर स्वतःच्या खिशातून २.५६ डॉलर. दोनशे छप्पन सेंट म्हणजे सोळाच्या हिशोबात बरोबर शंभर, असला त्यांचा विनोद. लोक तो चेक वटवायचे नाहीत, फ्रेम करून भिंतीला लावायचे. कोडेखोर, तू मुनीमजींना त्या एका रुपयाचा चेक दिलास का?

कोडेखोर (लातूर)

नाही दिला पण कल्पना आवडली. मुनीमजी मात्र तो लगेच बँकेत टाकतील, फ्रेमबिम काही नाही.

गोदाकाठच्या ताईंचा मुद्दा मला पटला आणि हिशोबींचा पण, आता झोप लागणार नाही. माझं मत अजून तेच आहे, कॉपीचे पैसे घेणार नाही. फोन उचलायचे घ्यावेत का हा विचार करूलालो, पण एवढ्या साध्या गोष्टीला फोन येतीलच कशाला हेच मला कळत नाही. रुपयाचं मिटलं, आता त्यात चुकण्यासारखं काही उरलंच नाही.

हिशोबी (जालना)

बारदाना कसा वजा करतोस?

कोडेखोर (लातूर)

म्हणजे?

हिशोबी (जालना)

कट्ट्याचं वजन. माल कट्ट्यासकट काट्यावर जातो ना. ज्यूटच्या पोत्याचं वजन वेगळं, प्लास्टिकच्या कट्ट्याचं वेगळं, कुणी नगामागं धरतं, कुणी रिकामे कट्टे परत मोजून काढतं. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणतं आहे?

वावरवाला (परभणी)

😄😄

कोडेखोर (लातूर)

थांबा, मुनीमजींना फोन लावतो.