विसरणं वेगळं, लगाम सुटणं वेगळं

एक आजोबा दुकानात पैसे न देता वस्तू घेताना पकडले गेले, तर कुणीतरी लिहिलं की ते पैसे द्यायचं विसरले असतील. अल्झायमरमध्ये होतं तसं. पण आमचे मामा जन्मभर कॅशियर, हिशेब चोख. बासष्टाव्या वर्षी दुकानातल्या बरणीत हात घालून चिक्की खायला लागले. दुकानदार ओरडला तर शांतपणे म्हणाले, "पैसे दिले नाहीत, माहितेय मला." आणि दुसरी उचलली! स्मरणशक्ती ठणठणीत. निदानाला दोन वर्षं लागली (तोवर मामीनं काय काय ऐकून घेतलं, ते विचारू नका): फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. यात मेंदूचा पुढचा भाग आधी झिजतो, लाज आणि धरबंध तिथलेच.

२०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या २,३९७ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अल्झायमरवाल्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांच्या नोंदीत बेकायदा वर्तन होतं, वर्तन बिघडवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात ३७ टक्के.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम २२ अशा वेळी आठवतं. पण त्यात सूट कुणाला, तर कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक आहे हे ज्याला मनोविकृतीमुळे कळतच नाही त्याला. मामांना तर कळत होतं, फक्त हात आवरत नव्हता. मग वकिलानं मांडायचं काय?