मदत हवी आहे: 'डिस्टॅबिलायझेशन'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

चिलीतल्या १९७३च्या लष्करी उठावावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. गाडी एकाच शब्दावर अडली आहे. 'अस्थिरीकरण' म्हटलं तर दाताखाली खडा आल्यासारखं होतं. वर्तमानपत्रं सरळ 'अस्थिरता' लिहून मोकळी होतात, ते मला मुळीच पटत नाही. अस्थिरता आघाडीतल्या रुसव्याफुगव्यांनीही येते. इथे ती कुणीतरी ठरवून आणतंय.

संदर्भ असा: सप्टेंबर १९७०च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डावे नेते साल्वादोर आयेंदे पहिले आले. चिलीच्या अर्थव्यवस्थेला 'किंचाळायला लावा' असा अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा आदेश, सीआयए या तिथल्या गुप्तचर संस्थेचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्या १५ सप्टेंबरच्या टिपणात आहे. पुढे परदेशी कर्जं आटली, 'एल मर्कुरिओ' या विरोधी वर्तमानपत्राला सीआयएचा पैसा मिळाला, ऑक्टोबर १९७२मध्ये ट्रकमालकांच्या संपाने देश ठप्प झाला. ११ सप्टेंबर १९७३ला सैन्याने आयेंदे यांचं सरकार उलथवलं. 'उलथवणं' हा झाला शेवटचा दिवस. मला त्याआधीच्या तीन वर्षांसाठी शब्द हवाय.

(गंमत म्हणजे 'डिस्टॅबिलायझेशन' हा शब्द गाजला १९७४मध्ये, सीआयएचे तेव्हाचे प्रमुख विल्यम कोल्बी यांच्या गुप्त साक्षीच्या बातम्यांमुळे. कोल्बी म्हणाले, मी तो वापरलाच नव्हता!)

'सरकार खिळखिळं करण्याचा डाव' कसं वाटतं? की 'डाव' म्हटल्यावर निकाल आधीच दिल्यासारखं होतं?

प्रतिसाद १: 'खिळखिळं' झकास. मी भूशास्त्रवाला. आमच्याकडे पाणी मुरून डोंगरउतार 'अस्थिर होतो'. पावसाचा काही डाव नसतो. तुमच्याकडे माणसं आहेत, म्हणून 'अस्थिर करणे'. मराठीत क्रियापद एवढं काम करतं, नामाचा हट्ट कशाला?

धागाकर्ता: होणे आणि करणे! डोक्यातच आलं नाही. मग शीर्षक 'चिली कसं खिळखिळं केलं गेलं'?

प्रतिसाद २: 'केलं गेलं' नको हो, त्यात करणारा लपतो. आणि सगळंच अमेरिकेच्या माथी मारू नका. भाववाढ, टंचाई यांनी चिलीतलेही बरेच लोक चिडले होते. जिथे कागद आहे तिथे 'करणे' लिहा, बाकी 'होणे'.

धागाकर्ता: म्हणजे अर्धा लेख पुन्हा लिहिणं आलं. शीर्षक सध्या 'चिली कोणी खिळखिळं केलं?' संपादकांनी प्रश्नचिन्ह खाल्लं नाही म्हणजे मिळवली.