पीएचडीची मौखिक परीक्षा जवळ आली आहे, पेटंटचं आधी काय करावं?

वेदवती
धावड्याचा डिंक आणि लवंगतेल यांचा लेप लावून डाळिंब जास्त दिवस टिकवायची पद्धत आमच्या विभागात तयार झाली आहे. विद्यार्थिनीची खुली मौखिक परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे आणि एक कंपनी विचारणा करतेय. विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाकडे जाताना काय तयारी ठेवावी?

मसुदाकार
ताई, परीक्षेच्या आधी अर्ज दाखल झालाच पाहिजे. खुल्या परीक्षेत सांगितलेलं जगजाहीर होतं, पुढे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो. पेटंट कायद्याच्या कलम ३१ ची, आधी जाहीर झालेल्या शोधासाठीची १२ महिन्यांची सवलत मोजक्या प्रसंगांपुरतीच आहे, तिच्यावर विसंबू नका. परिषदेच्या सारांश-पुस्तिकेत काही छापून आलं असेल तर तेही कक्षाला आजच सांगा. लपवलेलं तपासणीत निघतंच.

वेळ कमी आहे, तेव्हा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करा. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. बहुतेक जण इथेच घोटाळा करतात: पीपीटीतली दोन पानं जोडून मोकळे होतात. प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलंय तेवढ्यालाच त्या अर्जाची तारीख मिळते. डिंक किती ते किती टक्के, तेल किती, इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र ठेवणारा घटक) कोणता, फळ किती वेळ बुडवायचं, कसं वाळवायचं, हे सगळं पल्ल्यासकट लिहा.

दुसरी अडचण कलम ३(ई) ची. नुसतं मिश्रण असेल तर पेटंट मिळत नाही. एकाच तोडणीची फळं घेऊन चार गट करा: लेप नाही, फक्त डिंक, फक्त तेल, दोन्ही. वजनातली घट आणि कुज मोजा. दोन्हींचा एकत्रित परिणाम स्वतंत्र परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त दिसला पाहिजे. हा तक्ता नसेल तर पहिल्या तपासणी अहवालातच आक्षेप येतो.

२०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८०% सवलत आहे: ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये, तपासणीच्या विनंतीला ४,०००. ती विनंती ३१ महिन्यांत करायची.

करारमदार
त्यात भर. पगार विद्यापीठ देतं म्हणून शोध आपोआप त्याचा होत नाही, आणि विद्यार्थिनी तर नोकरीतही नाही. तिची हक्कहस्तांतरणावर सही ती गावी जायच्या आत घ्या. डिंक जंगलातला आहे, म्हणून पेटंट मंजूर होण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागेल.

कंपनीला पेटंट विकू नका, परवाना द्या. मोठ्या कंपनीच्या नावावर अर्ज केला तर शुल्कातला फरकही भरावा लागतो. एकाधिकार मागतील, तो फक्त डाळिंबापुरता द्या, आंबा-संत्री मोकळी ठेवा. रॉयल्टी ‘निव्वळ विक्री’वर असेल तर त्यातून काय काय वजा होणार हे करारातच लिहून घ्या, नाहीतर वाहतूक, कमिशन, जाहिरात सगळं त्यातच जातं. दरवर्षीची किमान रक्कम ठरवा, आणि ठरल्या मुदतीत उत्पादन बाजारात आलं नाही तर एकाधिकार संपेल असं कलम घाला. हे कलम नसेल तर कंपनी पेटंट कपाटात ठेवून गप्प बसू शकते. परदेशी अर्जांचा खर्च त्यांच्याकडे टाका. पीसीटीची (अनेक देशांसाठी एकत्र करायच्या आंतरराष्ट्रीय अर्जाची) मुदतही पहिल्या अर्जाच्या तारखेपासून १२ महिनेच.

वेदवती
कंपनी आत्ताच चाचणीला नमुना मागतेय. द्यावा का?

करारमदार
अर्ज क्रमांक हातात आल्यावर, गोपनीयता करार आणि साहित्य हस्तांतरण करार करूनच. त्यात किती लिटर दिलं ते लिहा, रासायनिक पृथक्करणाला मनाई करा, चाचणीचे आकडे विद्यापीठाला मिळतील आणि उरलेला नमुना परत येईल असं नमूद करा. प्रमाण सांगू नका, तयार द्रावणच द्या.