'नेश' म्हणजे नक्की काय?

प्रश्न: माझी भाची इंग्लंडात डर्बीला नर्स आहे. ऑक्टोबरातच तिने जाड कोट अंगात घातला, तर वॉर्डातले एक आजोबा म्हणाले, "नेश आहेस गं, डक!" 'डक' हे तिकडचं लाडाचं संबोधन, एवढं तिला कळलं होतं. 'नेश'चा अर्थ मात्र कुणी नीट सांगेना. शब्द कुठला? आणि मराठीत त्याला काय म्हणाल?

उत्तर: शिवी नाही, चिडवणं आहे. ज्याला थंडी जरा जास्तच लागते, वाऱ्याची झुळूक आली की खिडकी लावा म्हणतो, तो 'नेश'. डर्बीशर, नॉटिंगहॅमशर, स्टॅफर्डशर, चेशर, लँकेशर, दक्षिण यॉर्कशर या पट्ट्यात हा शब्द आजही घरोघरी आहे. लंडनच्या माणसाला विचारलंत तर बहुधा तोही डोकं खाजवेल.

गंमत अशी की शब्दाचा मूळ अर्थ थंडीशी संबंधित नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो 'ह्नेस्के' होता, आणि अर्थ होता मऊ. 'न'च्या आधीचा 'ह' पुढे गळून गेला. हे एकट्या 'नेश'चं झालं नाही. 'ह्नुतु'चं नट झालं, 'ह्नेक्का'चं नेक झालं. इंग्लंडच्या उत्तरेतला म्हटला की शब्द व्हायकिंगांनी आणला असं ठोकून देतात, पण हा त्यांच्याही आधीपासूनचा, अस्सल घरचा आहे. त्याचा भाऊबंद चौथ्या शतकातल्या गॉथिक (इंग्रजीची आता लोपलेली नातलग भाषा) बायबलात सापडतो: मॅथ्यूच्या शुभवर्तमानात तलम वस्त्रं ल्यालेल्या माणसाचा उल्लेख आहे, तिथे तलम या अर्थी 'ह्नास्कुस' हाच शब्द आहे.

मग मऊपणा गेला कुठे? तर 'सॉफ्ट'ने जागा बळकावली. जुन्या काळी 'सॉफ्ट'चा अर्थ शांत, सुखद, सौम्य असा होता. हाताला लागणारा मऊपणा सांगायला 'नेश' होता. हळूहळू 'सॉफ्ट'ने तेही काम घेतलं आणि 'नेश'कडे उरला तो माणसाचा मऊपणा: नाजूक, मग लेचापेचा, मग थंडी न सोसणारा. आपल्याकडे 'मृदु'पासून 'मऊ' आला, पण कापूस मऊ आणि राजकारणी मवाळ अशी वाटणी झाली. 1907 च्या सुरत अधिवेशनात मवाळ-जहाल फुटले, तेव्हा 'मवाळ' या शब्दात थोडी टिंगल होतीच. मऊपणाचं कौतुक फार टिकत नाही बहुतेक. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, हे आपल्याला उगीच सांगावं लागलेलं नाही.

असले शब्द आज आपल्याला नीट ठाऊक आहेत याचं मोठं श्रेय जोसेफ राइट यांना. यॉर्कशरमध्ये 1855 साली जन्मलेला हा माणूस लहानपणी गिरणीत राबला, पंधराव्या वर्षापर्यंत त्याला लिहितावाचता येत नव्हतं, आणि पुढे तोच ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच्या इंग्रजी बोलींच्या कोशाचे सहा खंड 1898 ते 1905 या काळात निघाले. ज्याची स्वतःची बोली गावंढळ ठरवली गेली असेल, त्यानेच हे काम हाती घ्यावं, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

आणखी एक. न्यूफाउंडलंडला, म्हणजे अटलांटिकच्या पार, हाच शब्द 'निश' होऊन जगतो आहे, कोमल, चटकन दुखावणारं या अर्थी. तिथे गेलेले मच्छीमार बरेचसे डेव्हन-डॉर्सेटकडचे, म्हणजे नैर्ऋत्य इंग्लंडचे. तेव्हा 'नेश' ही उत्तरेची मक्तेदारी नव्हे.

मराठी प्रतिशब्द म्हणाल तर एका शब्दात मला सुचत नाही. 'गारठलेला' चालणार नाही, ती त्या वेळेपुरती अवस्था झाली. त्यासाठी उत्तर इंग्लंडात 'स्टार्व्ह्ड' म्हणतात, तिकडे या शब्दाला उपाशीच असावं लागत नाही. 'नेश' हा स्वभाव आहे.

प्रश्नकर्त्यांची पुरवणी: आमच्या घरी 'थंडीला हळवी' म्हणायचे. आजी धाकट्या आत्याला हेच म्हणे आणि नोव्हेंबर लागला की तिच्यासाठी आधी गोधडी काढे. कोकणात लवकर तयार होणारं भात ते हळवं, उशिरा येणारं ते गरवं. माणसाला 'हळवं' म्हणताना तेच भात डोळ्यांपुढे असतं का, कोण जाणे.

उत्तर: 'हळवी' छान आहे. अर्थ बसतो, पण सूर बसत नाही. तुमच्या आजी 'हळवी' म्हणून गोधडी काढत होत्या. 'नेश' म्हणणारा गोधडी काढत नाही, उलट पांघरलेली ओढतो. त्या आजोबांच्या तोंडी मी "मेणाची आहेस काय गं?" असं घालीन. हा टोमणा पुरुषांनाही तितकाच बसतो, बरं का.

एका वापराला मात्र मराठीत शोधाशोध लागत नाही. 'नेश'चं क्रियापदही आहे. थंडगार पाण्यात उडी मारतो म्हणून मोठ्या ऐटीत काठापर्यंत जायचं आणि ऐनवेळी मागे फिरायचं, याला तिकडे 'टु नेश इट' म्हणतात. आपण म्हणतो, कच खाल्ली.