मदत हवी आहे: तांबं-स्टीलच्या सांध्याला दोन तापमानं कशी?

अकरावीच्या क्लाससाठी उष्णतावहनाचा प्रयोग घरी जुळवतेय, धनकवडीत. बोहरी आळीतून १२ मिमी व्यासाच्या सळया आणल्या, एक तांब्याची, एक माइल्ड स्टीलची. दोन्ही १५ सेंमी, टोकाला टोक भिडवून क्लॅम्पने आवळल्या. तांब्याचं टोक वाफेच्या डब्यात, स्टीलचं बर्फात, वरून सुती कापडाचा एक वेढा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून १०० धरले नाहीत. तांब्याला ३८५ आणि स्टीलला ५० वाहकता धरली की सांधा ८७ अंशांवर यायला हवा.

पाऊण तासाने आकडे हलायचे थांबले. सांध्यापासून दोन्हीकडे ५ मिमीवर भोकं पाडून थर्मोकपल (मल्टिमीटरला जोडायची तापमान मोजणारी तार) खुपसलंय: तांब्यात ८०, स्टीलमध्ये ६६! पुस्तकात सांध्याला एकच तापमान असतं. मुलं विचारणारच, काय सांगू? मल्टिमीटर तपासलाय, ठीक आहे.

प्रतिसाद १
मॅडम, आकडे झकास आहेत, फेकू नका. आधी दोन्हीकडचा उष्णतेचा ओघ काढा. तांब्यातून साधारण ५.४ वॅट, स्टीलमधून २.६. स्थिर अवस्थेत दोन्ही सारखे हवेत, म्हणजे निम्मी उष्णता बाजूनेच हवेत जातेय. एक वेढा कापड म्हणजे काहीच नाही हो. ग्लासवूल किंवा जाड थर्मोकोल लावा, त्यातही तांब्याकडे जास्त, कारण तीच सळई सगळीकडून तापलेली आहे. थर्मोकोल मात्र वाफेच्या डब्याला चिकटवू नका, मऊ पडून आकसतो.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण मूळ प्रश्न राहिला. ५ मिमीत तांब्यात अर्धा-पाऊण अंश उतरतो, स्टीलमध्ये सव्वादोन. १४ मधले तीन तिथेच गेले. उरलेली ११ अंशांची उडी खरी आहे. करवतीने कापलेली टोकं भिंगाखाली बघा, नुसते डोंगर. धातू मोजक्या शिखरांवर टेकतो, मध्ये हवा. पुस्तकातलं एकच तापमान हे परिपूर्ण सांध्याचं गृहीतक आहे, गणितात ते न सांगताच धरतात. विजेच्या भाषेत दोन रोधांमध्ये तिसरा रोध शिरलाय. मुलांना हेच दाखवा, क्लासमध्ये कोण दाखवतं?

धागाकर्ती
धन्यवाद दोघांनाही! मग सांध्यात कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात ती पेस्ट भरू की डाख मारून घेऊ?

प्रतिसाद २
दोन्ही, पण आधी पेस्ट. टोकं पॉलिश पेपरवर घासा, पेस्टचा पातळ थर द्या, पुन्हा मोजा. मग पेस्ट पुसून डाख मारा. पाव मिमीच्या डाखात पाव अंशसुद्धा पडणार नाही. तिन्ही वेळचे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. आणि बर्फ ढवळत राहा, नाहीतर त्या टोकाला शून्य धरण्यात अर्थ नाही.